बंगळुरूत एमएसडब्ल्यू करताना

समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी म्हणजे एमएसडब्ल्यू. दोन वर्षं, चार सत्रं. आधीची पदवी साधारणपणे कोणत्याही शाखेची चालते. देशात या शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईत, नागपाड्याला एका संस्थेत झाली. तीच संस्था आज ‘टिस’ (टाटा समाजविज्ञान संस्था) म्हणून ओळखली जाते. बंगळुरूत बंगळूर विद्यापीठ आणि क्राइस्ट विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे.

खरं शिक्षण होतं ते क्षेत्रकार्यात. आठवड्यातले काही दिवस वस्तीत, रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत काढायचे. गृहभेटीत कोण काय बोललं, आपण काय विचारलं, कुठे गप्प बसायला हवं होतं, हे सगळं परतल्यावर अहवालात उतरवायचं. म्हणून मराठी मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं, पहिल्या आठवड्यापासून कन्नड शिकायला घ्या. उंबऱ्यात बसलेली आजी सुनेबद्दल, मुलाच्या दारूबद्दल बोलते, ते दुभाष्यामार्फत निम्मंच पोचतं.

मनोविकारांच्या क्षेत्रात समाजकार्यकर्ता म्हणून जायचं असेल, तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या त्या पदाच्या व्याख्येनुसार एमएसडब्ल्यूनंतर मनोविकार समाजकार्यातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल लागतं. बंगळुरूतच, होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत या विषयाचा स्वतंत्र विभागच आहे.