पाटीवर कोण बसणार?

फुटबॉलचा मोसम जवळ आला की कोल्हापुरात पेठापेठांत एकच विषय निघतो: यंदा आपल्या तालमीचा संघ कुणाच्या जिवावर खेळणार? धाराशिवात हाच विषय खो-खोचा असतो, आणि बहुतेक वेळा मुलींच्या संघाचा. जिल्हा निवड चाचणीचे दिवस आले की मैदानाच्या कडेला उभे असलेले जुने खेळाडू, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि पालक आपापल्या पसंतीच्या नावांवर हिरिरीने बोलू लागतात. इथे ही चर्चा जिल्ह्यापुरती राहत नाही. इथून निवडलेली मुलगी उद्या महाराष्ट्राच्या संघात दिसेल, परवा कदाचित भारताच्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तसं घडलेलंही आहे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदाच समावेश झाला. तिथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्यातली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोच्या वाट्याला हा सन्मान २२ वर्षांनी आला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा धाराशिव शहरातच भरली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालच्या त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

मग नव्या मोसमात सर्वांत मोलाची खेळाडू कोण? प्रेक्षकाला विचारलं तर तो खांबावरच्या मुलीचं नाव घेईल. त्यात त्याची चूक नाही. मैदानाच्या मधोमध आखलेल्या मध्य पाटीवर पाठलाग करणाऱ्या संघातल्या मुली चौकोनांत बसतात आणि पाटीच्या दोन्ही टोकांना चार फुटांचे खांब असतात. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून निसटायला बघते आणि पाठलाग करणारी एका हाताने खांब धरून सगळं अंग हवेत आडवं झोकते. दुसऱ्या हाताची बोटं पाठीला टेकली की गडी बाद. सरावात ही एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेतली जाते. तळहाताची साल निघते, कोपर आणि मांडीची एक बाजू सोलवटते, तरी मुलगी रांगेत परत येऊन उभी राहते. खांबाला लागून असलेल्या चौकोनात प्रशिक्षक आपली सर्वांत भरवशाची मुलगी बसवतात, कारण तिथे घाबरून चालत नाही.

प्रशिक्षकाला विचारलं तर उत्तर वेगळं येतं. तो पळणाऱ्या मुलीचं, म्हणजे संरक्षकाचं नाव घेतो, कारण त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. पारंपरिक खो-खोत एक पाळी नऊ मिनिटांची. समोरच्या नऊ जणी पाठलागाला आणि आपल्या तिघीच मैदानात. ही एक तुकडी; तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. प्रत्येक गड्याला एक गुण. म्हणजे पहिली तुकडी पाच मिनिटं टिकली, तर प्रतिस्पर्ध्याच्या हातात गुण मिळवायला उरतात फक्त चार. म्हणूनच खो-खोच्या बातमीत धावा किंवा गोल नसतात, मिनिटं आणि सेकंद असतात. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही शेवटच्या टर्नमध्ये, म्हणजे पाळीत, भारताच्या चैत्रा बी. हिच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक वेळ तग धरला आणि नेपाळची उरलीसुरली आशा संपली.

तुकड्या कशा लावायच्या, यावर मैदानाच्या कडेला सर्वांत जास्त वाद होतो. तिन्ही उत्तम संरक्षक पहिल्याच तुकडीत घातल्या तर प्रतिस्पर्धी सुरुवातीलाच खचतो. पण त्या अपेक्षेआधी बाद झाल्या तर मागे काहीच उरत नाही. प्रत्येक तुकडीत एक पक्की आणि दोन नवख्या ठेवल्या तर पडझड सावरता येते, पण त्या पक्क्या मुलीवर ओझं फार येतं. धाराशिवच्या मुलींचं संरक्षण पाहताना दुसरी मांडणीच अधिक शहाणपणाची वाटते. नवखी मुलगी पक्कीच्या सोबतीनेच शिकते: बसलेल्यांमधून नागमोडी पळत एकेरी साखळी कधी धरायची, दुहेरी साखळीत कधी शिरायचं, खांबाजवळ गोल फिरत दम कसा वाचवायचा. हे पुस्तकातून किंवा शिट्टी वाजवून शिकवता येत नाही.

तरीही खांबावरची मुलगी आणि पहिल्या तुकडीतली संरक्षक या दोघींच्या आधी पाहायला हवं ते पाटीवर बसलेल्या मुलीकडे. तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. बसणं म्हणजे विसावा नव्हे. पायाची बोटं जमिनीत रोवलेली, टाचा उचललेल्या, हाताची बोटं पुढे टेकलेली, मान न हलवता डोळे दोन्ही बाजूंना. पाठीवर थाप आणि ‘खो’ हा शब्द आला की पहिल्याच पावलात दिशा ठरवायची, कारण एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय ती बदलता येत नाही आणि मध्य पाटी ओलांडता येत नाही. क्षणभर आधी उठली तर फाऊल. क्षणभर उशिरा उठली तर पळणारी दोन चौकोन पुढे. फाऊल झाला की आक्रमकाला उलट दिशेने जावं लागतं, आणि हाताशी आलेला गडी निसटतो. ती सेकंदं पाटीवर बसलेल्या मुलीच्या नावावर गुणपत्रकात मांडली जात नाहीत. सामना मात्र बऱ्याचदा त्यांवरच जातो.

आता खेळ मातीवरून मॅटवर चालला आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने सात-सात मिनिटांचे टर्न आणले, पाठलागाला सातच खेळाडू ठेवले आणि कोणत्याही दिशेला वळू शकणारा ‘वजीर’ आणला. मॅटवर सूर मारायला मुली कचरत नाहीत, त्यामुळे आक्रमणाचे गुण वाढतात. पण बसण्याचं आणि उठण्याचं मोल कमी झालेलं नाही. पाटीवर माणसं कमी झाली, तर उलट प्रत्येकीवरची जबाबदारी वाढते.

हे अंगात मुरायला वर्षं लागतात. किशोरी गटात, म्हणजे चौदा वर्षांच्या आत, शिकलेली बैठक अठराव्या वर्षापर्यंत पक्की होते. नेमक्या याच वर्षांत मुली मैदानावरून गळतात. दहावीचं वर्ष येतं, संध्याकाळची शेवटची एसटी चुकते, घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. मराठवाड्यात बालविवाहाचा प्रश्न आजही मिटलेला नाही, आणि त्याचा हिशेब खो-खोच्या संघालाही चुकवावा लागतो. सारिका काळेही घरच्या ओढगस्तीमुळे २०१६ मध्ये खेळ सोडण्याच्या टोकाला आली होती. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर ती मैदानावर परतली. पुढे ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली. ती तेव्हा परतली नसती, तर अर्जुन पुरस्कारही आला नसता आणि आज तिच्याकडे बोट दाखवून मुलीला मैदानावर पाठवणारे पालकही कमीच दिसले असते.

म्हणून धाराशिवच्या येत्या मोसमात सर्वांत मोलाची खेळाडू खांबावरची नाही आणि पहिल्या तुकडीतलीही नाही. सोळा-सतरा वर्षांची, अजून नाव न झालेली, पाटीवर चोख बसणारी आणि पुढच्या वर्षीही सरावाला येणार असलेली मुलगी, ती ही. तिला संघात ठेवणं प्रशिक्षकाच्या हातात आहे. मैदानावर ठेवणं घराच्या आणि गावाच्या. तुमच्या शाळेत अशी मुलगी असेल तर दहावीच्या वर्षात तिचा सराव बंद करू नका. मैदान लांब असेल, तर शाळा सुटल्यावर तिला नेण्या-आणण्याची सोय गावाने मिळून करावी.