फरशीवरचा शब्दडोंगर

पुस्तकांतली कोरी पानं गेली. २०२३ च्या जूनमध्ये दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यापाठोपाठ ती बांधून आली होती, जानेवारी २०२५ मध्ये शासनाने निर्णय फिरवला. मुलं त्यांवर फारसं लिहीतच नव्हती, वह्या आणतच होती. लिहिणार कशी? फळ्यावर उतरवून दिल्याशिवाय पान भरायचं नसतं, हे त्यांना पहिलीतच कळतं. पण पानं काढून टाकताना हा प्रश्न कुणाला पडला नाही, याचा मला राग आहे.

आमच्या मावळात शाळेच्या नव्या विचाराने सरकार बिचकल्याचा इतिहास जुना आहे. विजापूरकरांचं तळेगावचं समर्थ विद्यालय इंग्रजांनी १९१० मध्ये बंद पाडलं. निदान त्यांना त्या शाळेची धास्ती तरी वाटली! पुढची शंभर वर्षं मी एका दमात उरकतो: पाढे पाठ, कविता पाठ, ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा निबंधही पाठ. कोसबाडला अनुताई वाघ होत्या, कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय १९८५ पासून होतं, पण आमच्या घाटमाथ्यावर त्यांची नुसती कीर्ती पोचायची.

२०१० नंतरचं दशक मात्र मी खंडाळ्याच्या परिसरात शिक्षक म्हणून काढलं. २०१० च्याच एक एप्रिलला शिक्षणहक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणं थांबलं आणि आमच्यासारख्यांना जरा मोकळा श्वास मिळाला. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांची खेळणी पाहून आलो, सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हट्यूब घेतली. तिचे बोटभर तुकडे कापून त्यांत आगपेटीच्या काड्या खोचायच्या. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. एवढं दाखवून मी गप्प बसलो. तिसरीतल्या एका मुलीने, तिचे वडील एका बंगल्यावर राखणदार होते, खिडकीबाहेर बोट केलं. “गुरुजी, म्हणून त्या लायटीच्या टावरात नुसते त्रिकोण हायेत व्हय?”

मग प्रश्नांची लाइनच लागली. घाट चढताना गाडीला मागून इंजिनं का? सगळी पुढेच का नाही जोडत? मला उत्तर येत नव्हतं. एका पोराचा काका रेल्वेत होता, त्याला वर्गात बोलावलं. सगळा भार पुढूनच ओढला तर डब्यांमधल्या जोडणीवर भलताच ताण येतो. मागून रेटा असला की तो कमी होतो आणि जोडणी तुटलीच तरी डबे उतारावर मागे घरंगळत नाहीत, असं त्याने खडूने फळ्यावर काढून दाखवलं. त्या दिवशी भागाकार राहिला. नेमके त्याच आठवड्यात एक साहेब भेटीला आले. त्यांनी काड्यांचा ढीग पाहिला आणि विचारलं, “हे नोंदवहीत कुठे दिसतं?”

नोंदवही हे त्या दशकाचं खरं दुखणं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करायची होती. कल्पना उत्तमच. पण लवकरच तयार नोंदींच्या पुस्तिका विकायला आल्या. ‘स्वतःचे विचार स्वतंत्रपणे मांडतो’ हे वाक्य शिक्षक पुस्तिकेतून उतरवून काढू लागले, तेही सगळ्या वर्गासाठी.

त्यानंतर २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने आपलं ज्ञान आपणच घडवायचं, हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी उभं केलेलं काम अस्सल होतं. ते पाहायला ठिकठिकाणचे शिक्षक बसा भरून गेले आणि येताना फक्त तिथली रंगवलेली फरशी घेऊन आले. लोकवर्गणी झाली, पेंटर आला. ज्या त्या शाळेत तीच वर्तुळं, तेच तक्ते, तोच शब्दडोंगर. एका शब्दाखाली दोन, दोनाखाली तीन असा जो डोंगर मुलांनी आपल्या मनाने बांधायचा, तो पेंटरने बांधून दिला. मुलाला मधला एखादा शब्द बदलावासा वाटला, तर ऑइलपेंट पुसला जात नाही. फोटोत मात्र फरशी छान यायची.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. परीक्षेला माझा विरोध नाही. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सर्जनशीलतेचा जप करायचा आणि शाळेकडून गुण, लिंक, फोटो मागायचे, हे कसं जमायचं? तालुक्यातली एक तरुण शिक्षिका परवा सांगत होती, “सर, उपक्रम नाही घेतला तर कुणी विचारत नाही. घेतला की फोटो मागतात, मग अहवाल मागतात.” म्हणून ती हल्ली कुणाला न कळवताच घेते. शाळेचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही.