एकच रात्र, दोन जीव

रात्रीचे साडेदहा झालेत. मुलगा घरी आलेला नाही, फोन लागत नाही. आई दारात उभी. हात गार, पोटात गोळा. बाबा म्हणतात, "अगं, गाडी चुकली असेल," आणि ताट वाढून घेतात. माया दोघांचीही तेवढीच. फरक स्वभावाचा.

पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये दाखवलं, की बहिर्मुख माणसांच्या वाट्याला आनंद, उत्साह अधिक येतो. चिंताळू माणसांच्या वाट्याला भीती, खंत, चिडचिड. मला मोलाचं वाटतं ते पुढचं: हे दोन गुण बऱ्याच अंशी एकमेकांपासून स्वतंत्र असतात. म्हणूनच लग्नघरात सगळ्यांत मोठ्यानं हसणारी मावशी रात्री 'माझं बोलणं कुणाला लागलं तर नसेल ना' म्हणून तळमळत पडू शकते. तिचं हसू खोटं नसतं आणि तळमळही खोटी नसते.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या या फरकात अनुवंशाचा वाटा साधारण 40 ते 50 टक्के आहे. त्यामुळे त्या आईला "उगाच काळजी करतेस" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिची धडधड खरीच असते. जिन्यात ओळखीची पावलं वाजल्यावरही ती लगेच थांबत नाही.