स्टँडवरचे स्पीकर आणि घरातले मांजर

‘बुकशेल्फ स्पीकर’ हे नाव थोडे फसवे आहे. पुस्तकांच्या फळीवर मावावा एवढाच त्याचा आकार असतो, हे खरे. परंतु फळीवर भिंतीला टेकवून ठेवला की त्याचा आवाज बहुधा घुमतो आणि शब्द गढूळ होतात. म्हणून जाणकार रसिक तो भिंतीपासून थोडा पुढे, साठएक सेंटीमीटर उंचीच्या स्टँडवर बसवितात. तसे केले म्हणजे बारीक, तार स्वर काढणारा ट्वीटर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला येतो आणि गवयाचा आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मधून उमटू लागतो. कानाची सोय झाली. परंतु पाचसहा किलोंची पेटी एका खांबाच्या टोकावर नेऊन ठेवली गेली, याचा विचार ज्या घरात मांजर किंवा कुत्रा वावरतो तेथे करावाच लागतो.

समजा, स्पीकर 6 किलोंचा व 30 सेंटीमीटर उंच आहे. स्टँड 4 किलोंचा असून त्याचा तळ 25 सेंटीमीटर रुंद आहे. या जोडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 55 सेंटीमीटरवर येतो, आणि तळाची कड मध्यापासून अवघी साडेबारा सेंटीमीटर दूर असते. हिशेब केला तर असे दिसते की, स्पीकरच्या माथ्याशी बाजूने दीड किलोहूनही कमी जोर लागला तरी सारा डोलारा कलू लागतो. आणि तो तेरा अंशांपर्यंत कलला की पडलाच म्हणावे. घरचे सामान्य मांजर चार किलोंच्या आसपास भरते. ते माथ्यावर उडी घेते तेव्हापेक्षा तेथून खाली झेप घेते तेव्हा अधिक धोका असतो, कारण झेपेसाठी ते मागच्या पायांनी पेटीला रेटा देते. पेटीचे नुकसान पैशांनी भरून निघेल. परंतु सहा किलोंचा तो ठोकळा खाली निजलेल्या पिलावर किंवा रांगत्या मुलावर आला तर काय, हा खरा प्रश्न आहे.

येथे पुष्कळांची एक गफलत होते. स्पीकर स्टँडवरून घसरणे वेगळे आणि स्टँडसकट उलथणे वेगळे. पहिल्याचा बंदोबस्त केला म्हणून दुसरे टळत नाही. उलट, तळ अरुंदच राहिला तर दोन्ही वस्तू जोडीने खाली येतात, एवढेच.

घसरण्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे ब्लू-टॅकसारखी चिकट पुटी. वाटाण्याएवढ्या चार गोळ्या चार कोपऱ्यांत ठेवून पेटी वरून घट्ट दाबावी. भूकंपाच्या प्रदेशांतील वस्तुसंग्रहालये आपली मौल्यवान भांडी अशाच जातीच्या पुटीने किंवा मेणाने जागच्या जागी धरून ठेवतात. पेटी काढताना मात्र सरळ वर ओढू नये. हळूहळू पीळ देत सोडवावी, नाहीतर लाकडाचा पातळ पापुद्रा निघून येतो. पुटीतील तेलाचा डाग पडतो काय, हे आधी तळाच्या एका कोपऱ्यात पाहून घ्यावे. काही पेट्यांच्या तळाशी कारखान्यानेच आटे पाडलेली भोके ठेवलेली असतात. तेथे स्क्रू बसविणे सर्वांत उत्तम. तशी सोय नसेल तर गिरमिट हाती घेण्याचा मोह आवरावा. आत तारा व स्वरविभाजनाचे मंडळ असते, शिवाय पेटीला नको तेथे छिद्र पडले की तिचा नादही बिघडतो. त्यापेक्षा नवारीसारखा नायलॉनचा पट्टा वरच्या पत्र्याखालून घेऊन पेटीभोवती आवळावा. तो दिसायला बरा दिसत नाही, पण धरतो पक्का. पेटीला मागे हवेचे भोक असेल तर ते पट्ट्याखाली येऊ देऊ नये.

आता पायाची गोष्ट. स्टँडचा खांब पोकळ असल्यास त्यात वाळू भरतात. पाच किलो वाळूने मघाच्या उदाहरणातील जोर दोन किलोंच्या थोडा वर जातो. त्याखाली 40 सेंटीमीटर रुंदीची जाड फळी बोल्टने जोडली तर तोच जोर सव्वातीन किलोंपलीकडे पोचतो. वजनापेक्षा रुंदी अधिक उपयोगी पडते, ती अशी. वाळू धुतलेली व कडक उन्हात वाळविलेली हवी. गोव्याकडील वाचकांनी समुद्रकाठची वाळू घरी आणण्याचा विचारही करू नये. तिच्यातील मीठ पावसाळी हवेत ओल धरते आणि लोखंड आतून खाते. स्टँडसोबत मिळणारे टोकदार खिळे गालिच्यासाठी असतात. ते त्यातून आरपार जाऊन खालच्या जमिनीवर टेकतात. शहाबादी किंवा गुळगुळीत फरशीवर ते घसरतात, म्हणून तेथे रबराचे पायच बरे. कुत्रा थोराड असेल तर याहीपुढे जाऊन भिंतीत एक हूक बसवावा आणि पेटीच्या पट्ट्यापासून तेथपर्यंत आखूड दोरी बांधावी.

तारांकडे दुर्लक्ष होते. मोकळी लोंबणारी तार पायात अडकली की ओढ थेट पेटीच्या पाठीवर, म्हणजे सर्वांत उंच जागी बसते. तीच तार खांबाला ठिकठिकाणी बांधून तळाशी बाहेर काढली तर ओढ जमिनीलगत लागते व स्टँड उलथत नाही. फार तर सरकतो. ज्या स्पीकरांत ॲम्प्लिफायर आतच असतो त्यांच्यापर्यंत घरातील 230 व्होल्टांची वीज येते. कुत्र्याचे पिलू दात शिवशिवत असताना अशी तार चघळील, तर प्रसंग जिवावर बेतेल. ती नळीतूनच न्यावी.

मांजराला रागे भरून उपयोग नसतो. उंच जागी बसून खोली न्याहाळणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि गाल घासून ते वस्तूवर आपला वास ठेवीत असते. खिडकीशी स्पीकरहून उंच असा एक रुंद पाट त्याच्यासाठी ठोकून द्यावा, आणि नखे घासायला काथ्याची दोरी गुंडाळलेला खांब जवळच ठेवावा. स्पीकरपुढची जाळी मात्र काढून ठेवू नये. ट्वीटरचा नाजूक घुमट एका नखाने फाटतो. सारे बसवून झाल्यावर पेटीच्या माथ्याशी एका तळहाताने बाजूने रेटा द्यावा, दुसरा हात पलीकडे तयार ठेवावा, आणि तळ कितपत उचलतो ते पाहावे.