चार भिंतींतला देव

आखातात नोकरीला गेलेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. तिथे देवाचे नावसुद्धा काढता येत नाही, हे एक. आणि दुबई म्हणजे दुसरी मुंबईच, हे दुसरे. प्रतापनगरातील आमच्या शेजारच्या ताईंनी २०१० ते २०२२ अशी बारा वर्षे दुबईत संसार केला. त्यांच्याशी बोलल्यावर दोन्ही मते अपुरी वाटू लागतात.

मुळात सगळे मुस्लिम देश एका साच्यातले नाहीत. सौदी अरेबियात इतर धर्मीयांना सार्वजनिक उपासनास्थळ नाही. उलट बहारीनच्या मनामा शहरात सिंधमधील ठठ्ठ्याच्या व्यापाऱ्यांनी बांधलेले श्रीनाथजींचे मंदिर दोनशे वर्षांपासून आहे. दुबईतील बर दुबई भागात १९५८ पासून मंदिर होते. ताई तिथेच जात. जिना चढून दर्शन घ्यायचे, शेजारच्या बोळात हारफुले घ्यायची, आणि जवळच मशीद. त्या परतल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जबल अलीचे मोठे मंदिर उघडले. बर दुबईचे शिवमंदिरही जानेवारी २०२४ मध्ये तिकडे हलविले गेले. त्याच वर्षी वसंत पंचमीला अबुधाबीतही भव्य मंदिर झाले.

तेव्हा अडचण मंदिराची नव्हे. अडचण रस्त्याची आहे! आपला गणपती निम्मा घरात आणि निम्मा चौकात असतो. तिथे तो दिवाणखान्यातच बसतो. मिरवणूक नाही, ढोलताशे नाहीत. आरतीच्या वेळी खिडक्या लावून घ्यायच्या, कारण शेजाऱ्याला त्रास नको. विसर्जन बादलीत. (अर्थात नागपुरातही आता तलावांऐवजी कृत्रिम टाक्या आल्या आहेत, तेव्हा या बाबतीत आपण फार ऐट मिरवू नये.)

वारांचे गणितही निराळे. २०२१ अखेरपर्यंत तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. त्यामुळे सत्यनारायण, हळदीकुंकू, मंडळाचे कार्यक्रम, सारे बहुधा शुक्रवारी. १ जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारी आली व शुक्रवार अर्धा झाला.

रमजानचे सरकणे मात्र नीट समजून घेण्याजोगे आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. आपलेही महिने चांद्रच, पण आपण अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखतो, म्हणून दिवाळी शरद ऋतू सोडत नाही. हिजरी गणनेत अधिक महिना नाही. परिणामी रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सारे ऋतू फिरून येतो. ताईंनी पाहिलेला पहिला रमजान भर ऑगस्टच्या उन्हाळ्यात होता, शेवटचा एप्रिलमध्ये. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत पाणीही प्यायचे नाही, ही तिथली रीत. डबा आडोशाला उघडायचा. पुढे नियम सैलावले. २०२१ पासून दुबईतील उपाहारगृहांना दिवसा पडदे लावण्याची सक्ती उरली नाही. ताई म्हणतात, त्यात जाच वाटला नाही. कार्यालयातील सहकारिणी निर्जळी राहून काम करते हे रोज पाहिले की आपल्या एकादशीच्या साबुदाण्याची थोडी लाजच वाटते.

खरा पेच मुलांचा. ताईंची मुलगी तिथेच जन्मली. आठव्या वर्षी नागपुरात आल्यावर तिने गल्लीतून वाजतगाजत निघालेला गणपती पहिल्यांदा पाहिला आणि घाबरून आईचा हात धरून विचारले, "याला बाहेर चालतं?" नंतर तिला मिरवणूक आवडू लागली. आरती मात्र ती अजून हळूच म्हणते.