नादविलंब-वादन

एकाच वादकाने वाजविलेला स्वर विद्युत् उपकरणात साठवून तो ठराविक कालावधीनंतर पुन्हा ऐकविणे आणि त्या परतलेल्या स्वरावरच त्याच वादकाने पुढील वादन उभारणे, अशी एक आधुनिक वादनपद्धती. येथील ‘विलंब’ म्हणजे स्वर परत येण्यास लागणारा काळ होय. विलंबित लयीशी त्याचा संबंध नाही. मोजके स्वर, लहान आकृतिबंध आणि त्यांची दीर्घकाळ चालणारी, हळूहळू पालटणारी आवर्तने यांवर आधारलेल्या ‘मिनिमल’ संगीतात या पद्धतीस विशेष महत्त्व आले. हा संगीतप्रवाह १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पुढे आला.

निसर्गतः मिळणारा प्रतिध्वनी सर्वपरिचित आहे. विजापूरच्या गोलघुमटात एक टाळी अनेकवार परतून ऐकू येते. परंतु तेथे विलंबकाल घुमटाच्या आकाराने ठरतो, ऐकणाऱ्याच्या इच्छेने नव्हे. ध्वनिफितीच्या शोधामुळे हा काल माणसाच्या हाती आला. दोन ध्वनिमुद्रक शेजारी ठेवून एकच फीत दोहोंतून ओढल्यास पहिल्यावर मुद्रित झालेला स्वर दुसऱ्यावर काही वेळाने ऐकू येतो. फितीचा वेग सेकंदाला १९ सेंमी. व दोन यंत्रांतील अंतर ९५ सेंमी. असल्यास विलंब ५ सेकंदांचा होतो. परतलेला स्वर पुन्हा पहिल्या यंत्राकडे पाठविला, म्हणजे पुनःप्रदाय साधला, की थरावर थर चढू लागतात. प्रत्येक फेरीत स्वराची पातळी आधीच्या सात-दशांश राहिली, तर पाचव्या फेरीत ती मूळच्या सु. १७ टक्के उरते. ऱ्हास मुळीच न होऊ दिल्यास स्वर विरतच नाही आणि पातळी वाढू दिल्यास कर्कश आवाज होऊन वादन थांबवावे लागते. पुढे अंकीय उपकरणांनी हेच काम फितीविना होऊ लागले.

अमेरिकन संगीतकार टेरी रायली (१९३५– ) यांनी १९६३ मध्ये पॅरिस येथे द गिफ्ट या नाटकाच्या संगीतासाठी दोन ध्वनिमुद्रकांची ही जुळणी प्रथम वापरली. सोप्रानो सॅक्सोफोनवरील ‘पॉपी नोगुड अँड द फँटम बँड’ ही त्यांची रचना १९६९ मध्ये ध्वनिमुद्रिकेवर आली. जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेन यांनीही एकल वाद्य व पुनःप्रदाय यांसाठी सोलो ही रचना १९६५-६६ मध्ये केली. मात्र ती मिनिमल पंथाची नव्हे. आधीच मुद्रित केलेल्या साथीवर वाजविण्याची रीत यांहून वेगळी आहे, कारण तेथे वादकाची चूक साथीत शिरत नाही.

नादविलंब-वादनात ती शिरते, आणि या कलेची खरी कसोटी येथेच आहे. साध्या वादनात ओझरता गेलेला कणसूर येथे काही सेकंदांनी परत येतो, पुन्हा येतो, आणि तोवर वादकास त्याच्यासह पुढे जावे लागते. यंत्राचा काल हा न वाकणाऱ्या ठेक्यासारखा असतो. त्याच्याशी लय जुळवायची की मुद्दाम तिरकी ठेवायची, हे आरंभीच ठरवावे लागते, मध्येच लय वाढविता येत नाही. ध्वनिक्षेपकाचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून तंतुवाद्यावर स्पर्शग्राहक बसविणे सोयीचे ठरते. नवशिके सहसा फार वाजवितात. पहिला स्वर परतेपर्यंत थांबणे हेच त्यांना अवघड जाते.

लयीहून स्वरस्थानाचा प्रश्न बिकट आहे. षड्ज २४० हर्ट्‌झ मानल्यास शुद्ध प्रमाणातील गांधार ३०० हर्ट्‌झचा येतो. पेटीच्या समान अंतराच्या पट्ट्यांत तो सु. ३०२·४ हर्ट्‌झ असतो. फरक क्षुल्लक वाटतो. तथापि षड्जाचा पाचवा उपस्वर व गांधाराचा चौथा उपस्वर यांत त्यामुळे सेकंदाला नऊ-दहा हेलकावे उत्पन्न होतात आणि थर साठत गेले की ते कानास स्पष्ट जाणवतात. रायली यांनी आपले विद्युत् ऑर्गन शुद्ध प्रमाणात लावून घेतले व अंकीय विलंबासह श्री कॅमल ही एकल रचना सिद्ध केली. ती १९८० मध्ये ध्वनिमुद्रिकेवर प्रसिद्ध झाली. १९७० पासून ते किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ (१९१८–९६) यांचे शिष्य होते. प्राणनाथांची तालीम याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली होती.

किराणा घराण्याचे दुसरे थोर गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) सांगली जिल्ह्यात, कवठे महांकाळच्या नैर्ऋत्येस असलेल्या मिरजेत स्थायिक झाले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची स्थाने मोजण्यासाठी त्यांच्या गायनाचा आधार घेतला व १९१० मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या तंबोऱ्यावर हा कान तयार होतो, तो घडविण्याचा व्यवसाय मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. त्यासाठीचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढे परिसरातून येतात. मिरजेच्या सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची एक तार विरण्यापूर्वी दुसरी छेडली जाते, नाद नादात मिसळतो आणि जवारी नीट लागली असता न छेडलेला स्वयंभू गांधार ऐकू येतो. तो वर सांगितलेला षड्जाचा पाचवा उपस्वरच होय. विलंबयंत्राची थररचना या अर्थाने तंबोऱ्याच्या नादाशी जवळची आहे.

साम्य मात्र येथवरच. तंबोरा राग मांडत नाही, तो रागाला आधार देतो. विलंबयंत्र वाजविलेले सर्वच परत आणते. सारंगी वा सतारीवरील मींड परतून नव्या मिंडीवर पडली की दोन्ही पुसट होतात, आरोह-अवरोहाचा क्रम मिसळतो आणि वर्ज्य स्वर जपणे कठीण होते. म्हणून संतूरसारख्या स्थिर स्वरांच्या वाद्यांवर आणि मोजक्या स्वरांच्या आलापातच ही पद्धत अधिक साधते. मींडप्रधान वादनात विलंब वापरायचा झाल्यास परतणाऱ्या स्वराची पातळी अगदी मंद ठेवावी लागते.