मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची स्टँडर्ड प्राइम लेन्स

स्टँडर्ड प्राइम लेन्स म्हणजे जिचे नाभीय अंतर बदलता येत नाही आणि ते कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या कर्णाच्या जवळपास असते, अशी लेन्स होय. तिला नॉर्मल लेन्स असेही म्हणतात. ३६ × २४ मिमी आकाराच्या फुल-फ्रेम सेन्सरसाठी ५० मिमी, एपीएस-सी सेन्सरसाठी ३० ते ३५ मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरसाठी २५ मिमी नाभीय अंतराच्या लेन्स या गटात मोडतात. प्रस्तुत लेखात ‘लेन्स’ हा शब्द संपूर्ण उपकरणासाठी आणि ‘भिंग’ हा शब्द त्यातील काचेच्या एकेका घटकासाठी वापरला आहे.

मिररलेस कॅमेऱ्यांच्या आगमनानंतर या लेन्समध्ये मोठी विविधता आली. कॅननच्या आरएफ ५० मिमी एफ/१.८ या लेन्सचे वजन १६० ग्रॅम आहे, तर निकॉनच्या झेड ५० मिमी एफ/१.२ एस या लेन्सचे १०९० ग्रॅम. दोन्हींचे नाभीय अंतर तेच आणि समान आकाराच्या सेन्सरवर दिसणारे दृश्यही जवळजवळ तेवढेच. तरीही वजनात जवळजवळ सात पटींचा फरक पडतो. हे जादा वजन, आणि त्यासोबत वाढणारी किंमत, नेमकी कशासाठी खर्ची पडते हे समजल्याशिवाय या लेन्सची तुलना करता येत नाही.

नाभीय अंतर आणि दृश्यकोन

फुल-फ्रेम सेन्सरचा कर्ण सुमारे ४३.३ मिमी असतो. त्यामुळे व्याख्येनुसार या सेन्सरची स्टँडर्ड लेन्स ४३ मिमीची असावयास हवी. प्रत्यक्षात ५० मिमी हा आकडा रूढ झाला तो प्रामुख्याने लायका कॅमेऱ्यामुळे. ऑस्कर बार्नाक यांनी विकसित केलेला हा कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. त्याला माक्स बेरेक यांनी रचलेली ५० मिमी एफ/३.५ लेन्स कायमची जोडलेली होती. पुढे ३५ मिमी फिल्मच्या बहुतेक कॅमेऱ्यांनी हाच संकेत स्वीकारला. कर्णावर मोजल्यास या लेन्सचा दृश्यकोन सुमारे ४७ अंश भरतो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतांश काम लायका आणि ५० मिमी लेन्स यांवरच केले.

‘५० मिमी लेन्स माणसाच्या डोळ्यासारखे पाहते’ हे वाक्य छायाचित्रणाच्या वर्गांत हमखास ऐकू येते. ते शब्दशः खरे नाही. दोन्ही डोळ्यांचे एकत्रित दृष्टिक्षेत्र याहून कितीतरी रुंद असते आणि स्पष्ट दिसणारा भाग याहून कितीतरी लहान. वस्तूंचे परस्परसापेक्ष आकार, म्हणजेच चित्रातील यथार्थदर्शन, हे केवळ कॅमेरा कोठे उभा आहे यावर ठरते. त्यात नाभीय अंतराचा भाग नसतो. छापील छायाचित्र साधारणपणे त्याच्या कर्णाइतक्या अंतरावरून पाहिले जाते. अशा वेळी सेन्सरच्या कर्णाइतके नाभीय अंतर असलेल्या लेन्सने घेतलेले चित्र ताणलेले अथवा चेपलेले भासत नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ‘स्टँडर्ड’ हा गुण एकट्या लेन्समध्ये नसून लेन्स आणि सेन्सर यांच्या जोडीत असतो. ५० मिमी लेन्स १.५ पट क्रॉप असलेल्या एपीएस-सी कॅमेऱ्याला लावल्यास तिचा दृश्यकोन ३२ अंशांवर येतो आणि ती ७५ मिमीच्या लेन्ससारखी वागू लागते. १.७ मीटर उंचीची व्यक्ती उभ्या चौकटीत पूर्ण मावण्यासाठी फुल-फ्रेम कॅमेरा सुमारे २.४ मीटरवर ठेवावा लागतो. एपीएस-सी कॅमेरा मात्र ३.६ मीटर मागे न्यावा लागतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ३.६ मीटर म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचे अंतर. ‘सर्वांनी ५० मिमी घ्यावी’ हा फिल्मच्या काळातील सल्ला एपीएस-सी कॅमेरा घेणाऱ्या विद्यार्थ्याची अशी गैरसोय करतो.

रचनेचा इतिहास

बहुसंख्य साध्या स्टँडर्ड लेन्सचे मूळ डबल गॉस या रचनेत आहे. झाइस कंपनीतील पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये तयार केलेली प्लानार लेन्स हे या रचनेचे प्रसिद्ध आद्यरूप होय. यात ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंना भिंगांची जवळजवळ सारखी मांडणी असते. या समरूपतेमुळे एका बाजूने निर्माण होणारे काही दोष दुसऱ्या बाजूने आपोआप भरून निघतात. चित्राच्या सरळ रेषा वाकणे, कडेच्या ठिपक्यांना धूमकेतूसारखी शेपटी फुटणे आणि कडेला रंगीत किनार दिसणे हे त्यांतील प्रमुख दोष.

ही रचना दीर्घकाळ म्हणावी तशी लोकप्रिय झाली नाही, याचे कारण परावर्तन. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. चार गटांतील सहा भिंगांना अशा आठ सीमा असतात. म्हणजे एक चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाटेतच गळतो आणि त्यातील काही भाग आत भटकून चित्र धुरकट करतो. १९३५ मध्ये झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेपाची पद्धत शोधली, तेव्हा हा अडसर दूर झाला. आजच्या नऊ गटांच्या लेन्समध्ये अशा अठरा सीमा असतात. लेप नसता, तर तिच्यातून निम्मा प्रकाशदेखील सेन्सरपर्यंत पोहोचला नसता.

आरसा गेल्यानंतर

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलता आरसा असे. त्यासाठी माउंटपासून फिल्मपर्यंत निकॉन एफ प्रणालीत ४६.५ मिमी, तर कॅनन ईएफ प्रणालीत ४४ मिमी अंतर राखावे लागे. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी१ हा पहिला मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा आणला. २०१३ मध्ये सोनीचे ए७ मालिकेतील फुल-फ्रेम कॅमेरे आले आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन यांनीही फुल-फ्रेम मिररलेस प्रणाली सुरू केल्या. आरसा नसल्याने हे अंतर निकॉन झेडमध्ये १६ मिमी, सोनी ई मध्ये १८ मिमी आणि कॅनन आरएफमध्ये २० मिमी एवढे कमी झाले.

त्यामुळे लेन्सही लहान होतील अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. वाइड-अँगल लेन्सच्या बाबतीत ती काही अंशी खरी ठरली. स्टँडर्ड लेन्सला मात्र आरशाचा फारसा जाच मुळातच नव्हता, कारण तिचे नाभीय अंतर आरशासाठी लागणाऱ्या जागेएवढे किंवा थोडे अधिकच होते. घडले ते उलटेच. निकॉनच्या एसएलआरसाठीच्या ५० मिमी एफ/१.८ जी या लेन्सचे वजन १८५ ग्रॅम होते. तिची मिररलेस वारसदार झेड ५० मिमी एफ/१.८ एस ही ४१५ ग्रॅमची आहे. सेन्सरच्या अगदी जवळ मोठी भिंगे बसविण्याची मोकळीक मिळाली आणि रचनाकारांनी ती आकार घटविण्याऐवजी दोष घटविण्यासाठी वापरली. सेन्सरमधील पिक्सेलची संख्या वाढल्याने फिल्मवर खपून जाणारे दोष आता पडद्यावर मोठे करून पाहिले जात होते, हेही त्यामागील एक कारण होय.

एफ/१.८ गटातील तुलना

फुल-फ्रेम प्रणालींतील एफ/१.८ लेन्सची तुलना सर्वाधिक उद्बोधक आहे, कारण येथे एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिलेली आढळतात.

कॅनन आरएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम (२०२०) हिच्यात पाच गटांत सहा भिंगे आहेत व त्यांतील एक अगोलीय आहे. ही मूलतः जुनीच डबल गॉस रचना होय. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर चित्राचा मध्य चांगला आणि कोपरे मऊ येतात. एफ/४ च्या आसपास कोपरेही सुधारतात. तिच्यात पावसाच्या थेंबांपासून संरक्षण देणारी बांधणी नाही. मात्र ती ०.३ मीटरपर्यंत जवळ जाऊन ०.२५ पट आकाराची प्रतिमा देते, म्हणजे १४४ × ९६ मिमीचा भाग संपूर्ण चौकट व्यापतो. पाने, नाणी, ताटातील पदार्थ यांसाठी ही जवळीक महागड्या लेन्सपेक्षा अधिक उपयोगी पडते.

निकॉन झेड ५० मिमी एफ/१.८ एस (२०१८) हिच्यात नऊ गटांत बारा भिंगे आहेत. एफ/१.८ वरच कोपऱ्यापर्यंत मिळणारी स्पष्टता आणि रंगीत किनारीचे अत्यल्प प्रमाण यांसाठी ती ओळखली जाते. ती ०.४ मीटरपेक्षा जवळ जात नाही. एफ/१.८ हे ॲपर्चर साध्या लेन्सचे लक्षण मानले जात असताना निकॉनने आपली उच्च दर्जाची मालिका याच ॲपर्चरपासून सुरू केली, ही या काळातील लक्षणीय घटना म्हणावी लागेल.

सोनीने या गटात दोन लेन्स दिल्या आहेत. ५५ मिमी एफ/१.८ झाइस (२०१३) ही २८१ ग्रॅमची लेन्स ए७ मालिकेच्या आरंभीच आली आणि दीर्घकाळ या प्रणालीची ओळख बनून राहिली. एफई ५० मिमी एफ/१.८ (२०१६) ही १८६ ग्रॅमची असून तिची मोटर संथ व आवाज करणारी आहे. स्थिर छायाचित्रात हा दोष खपतो. चलच्चित्रणात तो आवाज थेट ध्वनिमुद्रणात उतरतो. पॅनासॉनिकच्या ५० मिमी एफ/१.८ (२०२१) या ३०० ग्रॅमच्या लेन्सचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. मालिकेतील २४, ३५ आणि ८५ मिमी लेन्सशी तिचा बाह्य आकार जुळतो, त्यामुळे चित्रीकरणात लेन्स बदलताना फिल्टर व गिंबलची जुळवणी फारशी बदलावी लागत नाही.

एफ/१.४ आणि एफ/१.२

एफ/१.८ च्या तुलनेत एफ/१.२ वर २.२५ पट प्रकाश येतो, म्हणजे एका स्टॉपपेक्षा किंचित जास्त. तेवढ्यासाठी प्रकाश आत घेणारे छिद्र सुमारे २८ मिमीवरून ४२ मिमीपर्यंत रुंद करावे लागते आणि गोलीय विपथन झपाट्याने बळावते. ते आवरण्यासाठी कॅनन आरएफ ५० मिमी एफ/१.२ एल (२०१८) हिच्यात पंधरा आणि निकॉनच्या एफ/१.२ एस (२०२०) लेन्समध्ये सतरा भिंगे वापरली आहेत. पहिली ९५० ग्रॅमची आहे.

पुढे हे वजन उतरू लागले. सोनीच्या ५० मिमी एफ/१.२ जीएम (२०२१) लेन्सचे वजन ७७८ ग्रॅम आहे. याच कंपनीच्या २०१६ मधील एफ/१.४ प्लानार लेन्सचे वजनही नेमके तेवढेच होते. २०२३ मध्ये आलेली एफ/१.४ जीएम ५१६ ग्रॅमची आहे. फोकसिंगसाठी छोटे, हलके भिंगगट हलविणाऱ्या रेषीय मोटरींचा या बदलात मोठा वाटा आहे.

दोन मीटरवरील विषयासाठी स्पष्टतेची खोली एफ/१.८ वर सुमारे १७ सेंमी आणि एफ/१.२ वर सुमारे ११.५ सेंमी असते. व्यक्तिचित्रात डोळे स्पष्ट आणि कान पुसट असा परिणाम हवा असल्यास हा फरक मोलाचा ठरतो. एफ/८ वर समूहाचे छायाचित्र घेणाऱ्यासाठी मात्र बहुतेक जादा काच केवळ वाहून नेण्यापुरती उरते.

लहान सेन्सरच्या प्रणाली

फुजीफिल्मच्या एक्स प्रणालीतील तीन लेन्स या विषयाचा पाठच म्हणता येतील. एक्सएफ ३५ मिमी एफ/१.४ (२०१२) हिच्यात फोकस करताना जवळजवळ संपूर्ण भिंगसमूह पुढे-मागे सरकतो. म्हणून ती संथ आहे आणि आवाजही करते. ३५ मिमी एफ/२ (२०१५) जलद व शांत आहे, तिला तुषाररोधक बांधणीही आहे; पण तिची वाकलेल्या रेषांची विकृती बऱ्याच प्रमाणात सॉफ्टवेअरने सरळ केली जाते. ३३ मिमी एफ/१.४ (२०२१) दोहोंचे गुण एकत्र आणते आणि त्याबदल्यात वजन १८७ वरून ३६० ग्रॅमवर नेते. असे असूनही अनेक छायाचित्रकारांनी पहिली लेन्स सोडलेली नाही. पूर्ण उघड्या ॲपर्चरवरील तिची काहीशी मऊ प्रतिमा त्यांना आवडते. प्रयोगशाळेतील मोजमाप आणि आवड यांची येथे फारकत होते.

मायक्रो फोर थर्ड्समध्ये पॅनासॉनिक लायका २५ मिमी एफ/१.४ (२०११) ही २०० ग्रॅमची लेन्स प्रसिद्ध आहे. प्रकाशमापनाच्या दृष्टीने तिचे एफ/१.४ हे खरोखर एफ/१.४ च असते. शटरचा वेग फुल-फ्रेमवरील एफ/१.४ इतकाच मिळतो. परंतु तिचे छिद्र सुमारे १८ मिमीचे आहे आणि तेवढेच छिद्र ५० मिमी लेन्सला एफ/२.८ वर असते. म्हणून दोन मीटरवर दोहोंची स्पष्टतेची खोली सारखीच, सुमारे २७ सेंमी भरते. वेगवेगळ्या सेन्सरच्या लेन्सचे केवळ एफ-आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना याच कारणाने फसवी असते.

जुन्या लेन्सचा वापर

माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर घटल्याने एसएलआर काळातील ५० मिमी लेन्स साध्या पोकळ अडॅप्टरने मिररलेस कॅमेऱ्यावर बसविता येतात. निकॉन एफ लेन्स सोनी कॅमेऱ्यावर बसविण्यास २८.५ मिमी जाडीचा अडॅप्टर लागतो. त्यात काच नसल्याने लेन्सच्या मूळ गुणांत फरक पडत नाही. फोकस हाताने साधावा लागतो. व्ह्यूफाइंडरमध्ये प्रतिमा मोठी करून पाहण्याच्या आणि स्पष्ट कडा रंगाने दाखविण्याच्या सोयीमुळे ते काम एसएलआरपेक्षा सुकर झाले आहे. जुन्या लेन्सची फोकस रिंग भिंगांना यंत्राने जोडलेली असते. बहुतेक नव्या मिररलेस लेन्समध्ये रिंग केवळ मोटरला संदेश देते. त्यामुळे अंतराच्या खुणा पाहून आधीच फोकस ठरवून ठेवण्याची सवय असलेल्यांना नव्या लेन्सपेक्षा जुनीच हाताशी बरी वाटते.